वस्तादांची वही

तेव्हा मी 26 वर्षांचा होतो आणि कुस्तीतलं आता शिकायचं काही उरलं नाही अशी माझी खात्री होती.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जत्रेच्या फडांत माझं नाव झालं होतं. लहानपणी रेवड्यांवरच्या कुस्त्या केल्या, पुढे इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचलो. माझा एक हुकमी डाव होता. समोरच्याचा एकेरी पट काढायचा, त्याचा पाय छातीशी धरायचा आणि त्याच झोकात स्वतः गर्रकन फिरून त्याला खाली आणायचं. बघणारे त्याला माझा 'फेर' म्हणत. फेर बसला की हलगी वाजायची, फेटे उडायचे. मी त्या हलगीच्या नादातच जगत होतो.

हा फेर मला वस्तादांनी दिला. वस्ताद मूळचे कराडकडचे. तरुणपणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला लागले आणि इथलेच झाले. शिवमंदिराच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम होती. पहाटे साडेचारला उठून आम्ही आखाडा खणायचो. मातीत ताक, हळद, तेल, लिंबाचा रस, कापूर घालायचो. वस्ताद मूठभर माती उचलून दाबायचे, मूठ उघडून बघायचे आणि म्हणायचे, "आज जड हाय, अजून खणा." चाळीस वर्षं तीच माती, तरी त्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय कोणाला आखाड्यात उतरू दिलं नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे.

मग मी आठ दिवसांचं एक शिबिर केलं. गादीवरच्या कुस्तीचे प्रशिक्षक तयार करण्याचं. पहिले दोन दिवस थोडं बिचकलो. गुण कसे मोजतात, वर्तुळाबाहेर गेलं तर काय होतं, ठरलेल्या वेळेत कसं लढायचं, हे सगळं नवं होतं. मातीत आम्ही चितपट होईपर्यंत लढायचो; तिथं गुणांवरही कुस्ती जिंकता येते. पण तिसऱ्या दिवशी मला वाटलं, यात अवघड काय आहे? पट तोच, ढाक तीच, माणूस तोच. फक्त खाली मातीऐवजी गादी. उरलेले पाच दिवस मी मागच्या रांगेत बसून घड्याळ बघत काढले. आठव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. ते मी लॅमिनेट करून घेतलं.

महिन्याभरात एका शाळेच्या हॉलमध्ये माझा वर्ग सुरू झाला. निळ्या-पिवळ्या गाद्या जोडून अंथरल्या. अठरा मुलं आली, त्यांत सात मुली. पालक मला 'सर' म्हणू लागले. तालमीत मला कोणी सर म्हणत नव्हतं.

पहिल्याच दिवशी दारात वस्ताद उभे. धोतर, टोपी, फुटलेले कान आणि हातात शाळेच्या पोरांची असते तशी शंभर पानी वही.

मला वाटलं, आशीर्वाद द्यायला आले. मी पाया पडलो. ते म्हणाले, "मला गादी शिकायची हाय. बसू का हितं कोपऱ्यात?"

मी हसलो. सत्तरीला आलेला माणूस, ज्याने मला पट धरायला शिकवलं, तो माझ्या वर्गात बसणार! मला त्याचा अभिमान वाटला. आणि खरं सांगतो, तो अभिमान त्यांचा नव्हता, माझा होता.

वस्ताद रोज यायचे. भिंतीला टेकून मांडी घालायचे, वही उघडायचे आणि पेन्सिलीने लिहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी मुलांना माझा फेर दाखवला. पट धरला, पाय रोवला, फिरलो. मुलं टाळ्या वाजवू लागली. वस्ताद उठून गादीच्या कडेला आले. खाली वाकून त्यांनी माझ्या बुटाच्या तळव्याला बोट लावलं. रबरी तळवा होता, खरखरीत.

"आरं, ह्या बुटात पाय वळतो कसा?"

"वळतो की वस्ताद."

"मातीत पाय फिरला की माती बाजूला होती. हितं बाजूला कोण होतं?"

अठरा मुलं बघत होती. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "वस्ताद, हे आधुनिक तंत्र आहे. ते तुम्हाला नाही कळायचं."

ते काही बोलले नाहीत. जागेवर जाऊन बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

वर्गात तेरा वर्षांची एक मुलगी होती. उल्हासनगरहून यायची. बोलायची कमी, बघायची जास्त. सांगितलेलं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. मला ती फार आवडायची. मी दाखवलेलं ती हुबेहूब करायची, आरशात बघावं तसं.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझा फेर केला. पट छान पकडला. पाय सपाट रोवला, मी रोवायचो तसा. आणि गर्रकन फिरली. बूट गादीला घट्ट धरून राहिला, शरीर फिरलं, आणि मधल्यामध्ये गुडघा मुरगळला. ती ओरडली नाही. फक्त खाली बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. बघता बघता तो सुजला.

दवाखान्यात नेलं. अस्थिबंध ताणला होता, सुदैवाने तुटला नव्हता. सहा आठवडे कुस्ती बंद. तिची आई धावत आली तेव्हा मी म्हणालो, "ताई, तिचं लक्ष नव्हतं. मी सांगतो तसं केलं असतं तर असं झालं नसतं."

हे वाक्य आज लिहितानाही माझा हात अडखळतो.

त्या रात्री झोप आली नाही. वस्तादांचा प्रश्न कानात घुमत होता. हितं बाजूला कोण होतं? उत्तर आता मला सापडलं होतं. मातीत अनवाणी पाय फिरतो तेव्हा माती सरकते आणि पायाला वाट देते. गादी सरकत नाही, बूटही सरकत नाही. मग जे सरकू शकतं ते सरकतं. एका तेरा वर्षांच्या मुलीचा गुडघा बाजूला झाला होता.

सोमवारी पहाटे वस्ताद घरी आले. "चल, देवाला जाऊ."

वालधुनीच्या काठाने आम्ही शिवमंदिरात गेलो. गर्दी नव्हती. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सभामंडपात आम्ही दोघं आणि एक म्हातारी. काळ्या दगडाचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख इथे आहे, मुम्मुणी राजाच्या वेळचा. आम्ही पोरं त्याच दगडांवर खेळत मोठी झालो. नंदीच्या पाठीवर हात न फिरवता मी कधी परीक्षेला गेलो नाही.

मंडपातून गाभाऱ्यात उतरायच्या तोंडाशी वस्ताद थांबले. "किती पायऱ्या हायेत रं खाली?"

"दहा-बारा."

"कधी मोजल्यास?"

"लहानपणापासून येतोय वस्ताद."

"त्ये न्हाई इचारलं."

मी गप्प झालो. मग मोजत उतरलो. अभिषेकाच्या पाण्याने दगड ओला होता. वीस झाल्या. मी खाली उभा राहून वर पाहिलं. वस्ताद अजून अर्ध्यात होते. एक हात भिंतीला, पाऊल आडवं टाकून, एक पायरी पूर्ण झाल्यावरच दुसरी. फॅक्टरीत लागल्यापासून प्रत्येक सोमवारी ते इथे यायचे. तरी प्रत्येक पायरीला पाय लावून बघायचे, मूठभर माती दाबून बघायचे तसं.

खाली आल्यावर ते पिंडीसमोर बसले. गाभाऱ्यावरचं शिखर आज पूर्ण नाही, त्यामुळे खालून वर बघितलं की आभाळाचा तुकडा दिसतो. उजाडत होतं.

"दुसऱ्या देवळात माणूस चढून जातो," वस्ताद म्हणाले. "हितं उतरावं लागतं. घाईत उतरला की पडतो."

मग त्यांनी मला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. गोळेश्वर त्यांच्या गावापासून जवळच. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून मातीत. हेलसिंकीहून खाशाबा पदक घेऊन आले त्या वेळी, 1952 साली, वस्ताद बारा वर्षांचे होते. कराडच्या स्टेशनापासून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाव तासाच्या वाटेवरच्या महादेवाच्या देवळापर्यंत पोचायला सात तास लागले. त्यातल्या एका गाडीच्या दांडीला लोंबकळत वस्तादही गेले होते.

"ती मिरवणूक समद्यांना ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याच्या आधीची चार वर्सं कुणी सांगत न्हाई."

1948 साली खाशाबा लंडनला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाला मदत केली. मातीतले नामांकित मल्ल. पण गादीची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाच्या हाताखाली ते शिकले. ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला त्यांनी काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या मल्लालाही हरवलं, मग इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक.

"आता बघ. गादी नवी, देश परका, आन् दोन कुस्त्या जिंकलेल्या. दुसरा एखादा असता तर म्हणला असता, मला समदं येतं, नशीब आडवं आलं. खाशाबा माघारी आले आन् परत शिकायला बसले. चार वर्सं."

1952 ला पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा वरच्या, बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "खाशाबा जे शिकले न्हाईत, त्याचा मार त्यांनी सोताच्या अंगावर घेतला. तू पैलवान होतास तवा तुझंबी तसंच हुतं. चुकलास तर तुझीच पाठ लागायची. आता तू मास्तर झालास. तुला जे येत न्हाई, ते आता पोरांच्या अंगावर उमटतं."

मी त्या ओल्या दगडावर बसून रडलो. वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की समजूत काढली नाही. बराच वेळ गेल्यावर एवढंच म्हणाले, "चल. चढताना बी मोज."

संध्याकाळी मी उल्हासनगरला तिच्या घरी गेलो. दहा बाय दहाची खोली. जमिनीवर जीन्सचा ढीग; तिची आई कारखान्यातून आणलेल्या पँटचे सुटे धागे कापत होती. मुलगी पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या तिला मदत करत होती, हातात छोटी कात्री.

मी उभ्या उभ्याच बोललो. "ताई, चूक माझी होती. तिचं लक्ष होतं. मीच तिला चुकीचं शिकवलं."

आईने कात्री खाली ठेवली. "सर, तुम्ही म्हणालात म्हणून मी हिला दोन दिवस ओरडले."

मुलगी म्हणाली, "मी तेच सांगत होते. मी अगदी सरांसारखंच केलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने फक्त खरं सांगितलं. तिच्या दुखण्याचं कारण हेच होतं की तिने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता. कमी लक्ष देणारी, आळशी पोरं त्या फेरात वाचली. जीव तोडून शिकणारी जायबंदी झाली.

"मग आता, सर?" तिने विचारलं.

"आता मी शिकायला जातो. तू बरी होईपर्यंत."

"शिकून आलात की मला सांगा. मी फेर सोडणार नाहीये."

त्यानंतरचे रविवार मी कल्याणला जाऊ लागलो. गादीवरची कुस्ती शिकवणारी एक मुलगी तिथे होती, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शेजारी बारा-तेरा वर्षांची पोरं. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "टाच उचला. फिरताना वजन चवड्यावर. आणि एका झटक्यात फिरू नका, दोन छोटी पावलं टाका." इतकं साधं होतं. आठ दिवसांच्या शिबिरातही हे नक्की सांगितलं असणार. तेव्हा मी मागच्या रांगेत घड्याळ बघत होतो.

साधं होतं, पण सोपं नव्हतं. पंधरा वर्षांची सवय पायात मुरलेली. दर वेळी पाय सपाट पडायचा. एका पोराने मला एका सकाळी सहा वेळा खाली आणलं. जत्रेतला नावाजलेला पैलवान गादीवर पाठ टेकून छताकडे बघत होता आणि एक शाळकरी मुलगा वरून हात पुढे करून म्हणत होता, "काका, उठा, परत."

वस्ताद दर रविवारी माझ्याबरोबर लोकलने यायचे. कोपऱ्यात बसायचे. वही उघडायचे. एकदा परतीच्या गाडीत मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला या वयात हे कशाला?"

"आखाड्यातली पोरं उद्या गादीवर जाणार. मी त्यांना मातीच दिली तर अर्धंच दिलं." थोडं थांबून म्हणाले, "आन् खरं सांगू? मला मजा येती. लय वर्सांनी काहीतरी येत न्हाई असं गावलं."

सहा आठवड्यांनी ती मुलगी वर्गात परत आली. मी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं की आधी शिकवलेला फेर चुकीचा होता, कसा चुकीचा होता, आणि आता तो कसा करायचा. मला वाटलं होतं, पोरांच्या मनातून मी उतरेन. उलट झालं. त्या दिवसापासून मुलं प्रश्न विचारू लागली. मला सगळं येतं असं दाखवत होतो तोवर कोणी विचारायला धजावत नव्हतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होत आली. प्रशिक्षणाला येणारी नवी मुलं-मुली मला भेटतात. हुशार असतात, मोबाइलवर जगभरच्या कुस्त्या बघितलेल्या असतात, एखादं शिबिर केलेलं असतं. तिसऱ्या दिवशीची ती चमक मी त्यांच्या डोळ्यांत लगेच ओळखतो. तिचा मला राग येत नाही. नवं शिकणाऱ्याला ती चमक पुढे ढकलते. मी त्यांना एवढंच सांगतो की तुमच्या हाताखाली पहिलं मूल आलं त्या क्षणी तुमच्या चुकीची किंमत भरणारा माणूस बदलला. म्हणून शिकवण्याआधी विचारा, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर तोंडावर फेकण्याआधी खाली वाकून बूट बघा.

वस्ताद गेले तेव्हा त्यांच्या मुलाने ती वही मला आणून दिली. पहिल्या पानावर पेन्सिलीने माझ्या वर्गाची तारीख होती. चार पानं पुढे, अक्षर थोडं दाबून लिहिलेलं:

'बुटात पाय कसा वळतो? गुडघ्यावर येईल का? पोराला विचारलं. त्याला ठाऊक नाही. आपल्यालाबी ठाऊक नाही. कुणाला तरी विचारायला पाहिजे.'

त्या दिवशी मला उत्तर आलं नाही हे वस्तादांनी ओळखलं होतं. पण त्याखाली त्यांनी माझ्याबद्दल एक शब्द वाईट लिहिला नव्हता. माझ्या अज्ञानाशेजारी त्यांनी स्वतःचंही लिहून ठेवलं होतं.

ती उल्हासनगरची मुलगी आता स्वतः प्रशिक्षक आहे. गेल्या महिन्यात तिचा वर्ग बघायला गेलो. ती फेर शिकवत होती, टाच उचलून, दोन छोट्या पावलांत. मी भिंतीला टेकून बसलो. आठ-नऊ वर्षांची एक चिमुरडी मध्येच उठून म्हणाली, "ताई, मी डावखुरी आहे. मग मी कुठून फिरू?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नक्की नाही माहीत मला. थांब हं, आपण दोन्हीकडून करून बघू."

आणि तिने पिशवीतून वही काढली.